उघड्या हातांचा साबण

त्या दोघी सख्ख्या जावा. थोरली आणि धाकटी. एकाच घराण्यात सत्तावीस वर्षं काढूनही त्या एकमेकींशी धड बोलतात, ही गोष्ट नातेवाइकांच्या काही पचनी पडत नाही. "आतून काहीतरी असणार," म्हणतात. आतून काही नाही हो. दोघी मिळून साबण करतात, एवढंच. दिवसभर एकाच पातेल्यावर वाकून उभं राहिल्यावर भांडायला अंगात त्राण तरी कुठलं उरतं?

साबणाची सुरुवात झाली ती निव्वळ कंजूषपणातून. घरची खाणावळ होती तेव्हा तळणीचं तेल रोज उरायचं. थोरलीचा नवरा ते मोरीत ओतायचा, मोरी तुंबायची, आणि ती मोकळी करायला वाकायचं थोरलीनेच. वैतागून तिने कुणाकडून तरी शिकून घेतलं आणि त्या तेलाचा साबण केला. पर्यावरण हा शब्द तेव्हा तिच्या गावीही नव्हता. मोरी तुंबू नये आणि तेल फुकट जाऊ नये, एवढंच. पुढे नवरा गेला, खाणावळ बंद झाली, साबण तेवढा राहिला. आता आजूबाजूच्या हॉटेलांतून उरलेलं तेल आणायचं, गाळायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालून ढवळत राहायचं, घट्ट झालं की ट्रेमध्ये ओतायचं, दुसऱ्या दिवशी तारेने वड्या कापायच्या आणि महिनाभर फळ्यांवर नुसत्या ठेवून द्यायच्या. त्या महिन्यात सोड्याची सगळी धग निघून जाते. महिन्याने त्याच वडीने तान्ह्या बाळाचं दुपटं धुवा, काही होत नाही. पण पहिल्या दिवशी, पातेल्यात असताना, त्याला बोट लावाल तर बोटाची कातडी सोलून निघेल. म्हणून कोपराएवढे रबरी हातमोजे, डोळ्यांवर मोठा चष्मा आणि अंगावर जाड एप्रन. या बाबतीत थोरली कडक होती. हातमोजे नसतील तर पातेल्यापाशी फिरकायचं नाही, मग कुणी का असेना.

आणि मग त्यांना गिऱ्हाइकांनी शोधून काढलं.

म्हणजे थोरलीच्या लेकीने शोधून आणली म्हणा. पोरगी हुशार, दिवसभर एका ऑफिसात काम करायची आणि येता-जाता फोनवर साबण विकायची. तिने फोटो टाकले, दोन ओळी लिहिल्या, आणि लोकांनी या दोघींना असं काही डोक्यावर घेतलं की विचारू नका. "तुमच्यासारख्या माणसांमुळे पृथ्वी टिकून आहे," असं एका बाईने लिहिलं होतं. थोरलीने ते वाचलं तेव्हा ती मोरी घासत होती.

सुरुवातीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, छानच वाटलं. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की ही माणसं साबण विकत घेत नाहीयेत, आपल्याला विकत घेतायत. एका गृहस्थाने कळवलं की पार्सलला प्लास्टिकची चिकटपट्टी होती, फार निराशा झाली. बरं, कागदी पट्टी लावली. पुढचं पार्सल रस्त्यात उघडलं तर त्याचीही तक्रार याच गृहस्थाची. "तुम्ही हे पृथ्वीसाठी करता ना, मग भाव एवढा का?" असं विचारणारे तर पैशाला पासरी. हेच लोक मोठ्या दुकानात जाऊन हिरव्या पानाचं चित्र असलेली बाटली एक चकार शब्द न काढता उचलून आणतात. एकदा एक बाई आपल्या मुलीला घेऊन मुद्दाम भेटायला आली आणि थोरलीच्या नखांना लावलेला लाल रंग बघून तिचा चेहरा उतरला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाली. पंचावन्न वर्षांची बाई थोरली, भाचीच्या साखरपुड्याला हौसेने नखं रंगवली होती तिने! त्या दिवशी तिने ती खरवडून काढली. बाजारात गेली की ती आता प्लास्टिकची पिशवी बाहीत दडवून आणायची, चोरीचा माल असावा तशी.

सगळ्यात कहर वड्यांचा. धाकटीचा हात असा की तारेने कापलेल्या शंभर वड्या एकावर एक रचाव्यात, एक केसभर पुढे-मागे होणार नाही. तर गिऱ्हाइकं म्हणाली, मशीनमधून काढल्यासारख्या वाटतात, यात माणसाचा हात दिसत नाही. मग लेकीने सांगितलं, "काकू, जरा वाकड्या काप ना."

"आयुष्यभर सरळ कापायला शिकले," धाकटी म्हणाली, "आता वाकडं कापायचा क्लास लावते."

पण कापल्या तिने वाकड्या. खपल्याही जास्त.

लेबल लेकीनेच केलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'शंभर टक्के रसायनमुक्त'. थोरलीने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, सोडा नाही का आपण घालत? पिंपावर कवटीचं चित्र आहे ढळढळीत."

"आई, तयार वडीत सोडा उरतो का? नाही उरत. तूच सांगतेस. मग खोटं काय आहे त्यात?"

थोरलीला उत्तर सुचलं नाही. सुचलं असतं तरी ती बोलली असती असं नाही, कारण त्याच महिन्यात विक्री दुप्पट झाली होती. ती मूग गिळून बसली.

तरीही एकेक वडी विकून दोन घरं चालत नव्हती. हे दोघींनाही कळत होतं. धाकटीचा नवरा पाठीच्या दुखण्याने चार वर्षं घरी होता. धाकटीने साबणाआधी अकरा वर्षं लोकांच्या इमारतींच्या फरश्या पुसल्या होत्या, जिने झाडले होते, गुडघे तिथेच घालवले होते. दोघींनी ठरवून टाकलं होतं, या महिनाअखेरपर्यंत मोठी ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर जागा सोडायची. थोरली लेकीकडे राहिली असती. धाकटीला परत बादली आणि फडकं घेऊन जिने चढावे लागले असते, बावन्नाव्या वर्षी. ती याबद्दल एक अक्षर बोलायची नाही. पण राहत्या इमारतीचा जिना चढताना ती हल्ली मध्येच थांबून पायऱ्या बघायची, ते थोरलीला दिसायचं.

अशात एका मोठ्या शाळेचा निरोप आला. शाळेच्या स्वयंपाकघरापासून वसतिगृहापर्यंत सगळीकडे यांचाच साबण घ्यायचा विचार आहे. वर्षभराचं काम. फक्त पालकांच्या समितीला एकदा येऊन बघायचंय, साबण कसा करता ते.

लेकीने सुट्टी काढली आणि येऊन कारखाना बघितला. कारखाना म्हणजे काय, बंद खाणावळीची मागची बाजू. निळी प्लास्टिकची पिंपं, लाल बादल्या, खुंटीवर लटकणारे काळे हातमोजे, कोपऱ्यात कवटीचं चित्र.

"आई गं," लेक म्हणाली. "हे सगळं हलवायला लागेल."

"हलव की. पिंपं मागे ठेवू."

"हातमोजेपण."

थोरली थांबली. "ते कसं चालेल?"

"आई, लेबलवर रसायनमुक्त लिहिलंय. आणि काकू त्यांच्यासमोर डोक्यापासून पायापर्यंत झाकून, स्फोटकं हाताळल्यासारखी उभी राहणार? पहिला प्रश्न काय विचारतील सांग."

खरं होतं ते. प्रश्न तोच आला असता. थोरली म्हणाली, मग ताजं नकोच दाखवायला, कापून दाखवू, फळ्या दाखवू. लेक म्हणाली, त्यांनी करताना बघायचंय असं स्पष्ट लिहिलंय. दोघींची बराच वेळ हुज्जत चालली. शेवटी वड्या रचता रचता धाकटीच म्हणाली, "मी ढवळते. लांब दांड्याचं लाकडी उलथणं आहे ना आपल्याकडे? सोड्याचं पाणी ते यायच्या आधीच घालून ठेवू. नुसतं ढवळायचंच राहील. ताई, एक थेंब उडू द्यायची नाही मी, तुम्ही बघा."

आणि तिचा हात तसाच होता, थोरलीला माहीत होतं. म्हणून ती हो म्हणाली. या सगळ्यात तिने हो म्हटलेलं हे एकच, पण ते तिने म्हटलं. हातमोजे तिने स्वतःच्या हाताने कपाटात ठेवले आणि कपाटाला कडी घातली.

समितीची माणसं आली ती अकराजण. मुख्याध्यापिका, एक-दोन वडील, बाकी आया. सगळी चांगली माणसं होती, उगाच नावं कशाला ठेवा. येताना पाण्याच्या धातूच्या बाटल्या घेऊन आली होती, चपला दाराबाहेर काढू का म्हणून विचारत होती. वाकड्या वड्या हातात घेऊन हुंगत होती. थोरली बोलायचं काम करत होती, मोरीची गोष्ट सांगत होती, लोक हसत होते. धाकटी स्टीलच्या मोठ्या पातेल्यापाशी उघड्या हातांनी, बाह्या कोपरापर्यंत सारून, सावकाश ढवळत होती. पातेल्यात साबण दाट होत आला होता, पिवळसर, गुळगुळीत, साईसारखा.

"किती सुंदर!" एक चष्मेवाली बाई म्हणाली. समितीत तिचाच आवाज मोठा होता, हे येतानाच कळलं होतं. "बघा, काही नाही, नुसते हात! हेच हवंय आपल्याला. आपल्या आज्या असंच करत असतील ना?"

आज्यांनी असं केलं असतं तर आज्यांना हात उरले नसते, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. ती हसली.

आणि चष्मेवाली पुढे झाली. "मी हात घालून बघू? मला ते फील करायचंय." बोलता बोलताच तिने अंगठी काढून पर्समध्ये टाकली आणि हात पुढे केलासुद्धा.

थोरली चार पावलांवर होती. तिच्या तोंडून आवाज निघेना. ओरडायचं तर काय ओरडायचं? हात घालू नका, भाजेल? म्हणजे सगळंच सांगायचं. तो एक क्षण तिने विचार करण्यात घालवला, आणि त्याबद्दल तिने स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

धाकटीने विचार केला नाही. तिने डाव्या हाताने त्या बाईचं मनगट धरून बाजूला केलं, अगदी प्रेमाने, आणि हसत म्हणाली, "अहो थांबा, तुमचे कपडे खराब होतील. मी दाखवते ना." आणि तिने आपला उजवा हात पातेल्यात घातला. मनगटापर्यंत. ओंजळभर साबण वर काढला आणि बोटांतून खाली सोडला.

"वा!" कुणीतरी म्हणालं. फोन वर झाले. "अजून एकदा, प्लीज. उजेडात."

धाकटीने अजून एकदा केलं.

मग ती पुन्हा ढवळायला लागली, तोच माखलेला हात दांड्यावर ठेवून. चेहऱ्यावर हसू तसंच. सोडा लगेच भाजत नाही, हेच त्याचं वाईट. आधी नुसतं बुळबुळीत लागतं. मग खाज. मग आग. थोरलीने घाईघाईने सगळ्यांना फळ्यांच्या खोलीकडे वळवायला सुरुवात केली, "या, या, इकडे वड्या मुरतात," पण माणसं हलेनात. कुणाला प्रश्न विचारायचा होता, कुणाला धाकटीसोबत फोटो हवा होता. एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. थोरली मोठमोठ्याने बोलत होती आणि आपण काय बोलतोय हे तिला कळत नव्हतं. शेवटी लेकीने चहा बाहेर मांडल्याचं सांगितलं तेव्हा खोली रिकामी झाली.

धाकटी नळाखाली हात धरून उभी होती. पाणी सोडलेलं होतं आणि तिने दुसऱ्या हाताने तोंड दाबून धरलं होतं.

"किती वेळ झाला?" थोरलीने विचारलं. वेडा प्रश्न. तिला माहीत होतं किती वेळ झाला ते.

"तुम्ही जा बाहेर," धाकटी म्हणाली. "नाहीतर ते आत येतील."

आणि थोरली गेली हो बाहेर! चहा दिला, हसली, पत्ते लिहून घेतले. अर्ध्या तासाने आत आली तेव्हा धाकटी तशीच नळापाशी, फक्त आता खाली बसलेली.

दवाखान्यात डॉक्टरने पट्टी बांधता बांधता विचारलं, "कॉस्टिकचं काम करता आणि हातमोजे नाही घालत?"

"घालतो," धाकटी म्हणाली. "आज पाहुणे होते."

डॉक्टरने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. तळव्याची आणि बोटांमधली कातडी गेली होती. दोन बोटं नीट मिटतील की नाही ते नंतर कळेल, म्हणाले.

पुढच्या दिवसांत काय काय झालं ते सांगायला नको वाटतं, पण सांगायला हवं. तो फोटो सगळीकडे गेला. धाकटीचा हात, त्यातून गळणारा पिवळा साबण, आणि मागे तिचं हसू. हजारो लोकांनी तो पाहिला. 'यंत्र नाही, रसायन नाही, फक्त आईचे हात.' 'असे हात आहेत म्हणून विश्वास आहे.' लेकीने एकदोन ओळी वाचून दाखवल्या आणि मग तिला पुढे वाचवेना. ती फोन बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जाऊन रडली. पोरीचं तरी काय चुकलं होतं? लोकांना जे बघायचं होतं तेच तिने मांडून दिलं होतं. थोरली रोज सकाळी धाकटीच्या घरी जायची, भाजी चिरून द्यायची, केस विंचरून द्यायची. "कसा आहे हात?" विचारायची.

"काही नाही. बरा आहे," धाकटी म्हणायची. रोज हेच.

नवव्या दिवशी शाळेचं पत्र आलं. थोरली ते घेऊन धाकटीकडे गेली, पलंगाच्या कडेला बसली आणि वाचून दाखवलं. ऑर्डर नक्की होती. वर्षाची. समिती भारावून गेली होती. एकच विनंती होती, साबण याच पद्धतीने, याच हातांनी होत राहावा, आणि दर महिन्याला एक वर्ग येऊन तो बघून जाईल. मुलांना शिकायला मिळेल. पुढच्या मंगळवारी समितीची बैठक आहे, दोघींनी आभारासाठी यावं.

थोरलीने कागद खाली ठेवला. धाकटी भिंतीकडे बघत होती.

"म्हणजे महिन्यातून एकदाच ना?" धाकटी म्हणाली.

"काय एकदाच?"

"मुलं येणार ती. एकदाच. म्हणजे वर्षातून बारा वेळा. त्यात सुट्टीचे दोन महिने सोडा." तिने पट्टी बांधलेला हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "डावा आहे की अजून. तेवढ्यापुरतं थोडं ढवळायचं. लगेच धुतलं तर एवढं होत नाही, ताई. त्या दिवशी उशीर झाला म्हणून."

ती चेष्टा करत नव्हती. हिशेब करून बोलत होती. जिने की डावा हात, असा तो हिशेब, आणि तिचा निर्णय झालेलाही होता.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणावर ओरडावं ते तिला कळेना, म्हणून ती धाकटीवरच ओरडली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डावा हात म्हणे! आणि तो गेला की काय, पाय घालशील?"

"मग काय करू?" धाकटी पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाली. "तुम्हाला लेक आहे, ताई."

थोरलीने पत्राची घडी घातली. धाकटीच्या नवऱ्याने आतून खोकून विचारलं, काय झालं, तेव्हा दोघी एकदम "काही नाही" म्हणाल्या.

मंगळवारी दोघी गेल्या. थोरलीने आधी काही सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. सांगितलं असतं तर दोघींनी मिळून तिला अडवलं असतं. शाळेतली बैठकीची खोली चकचकीत होती, लांब टेबल, खिडकीत कुंड्या. अकराजण उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. धाकटीच्या हाताला पट्टी बघून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अरे, काय लागलं?"

"तेच सांगायला आलेय," थोरली म्हणाली.

आणि तिने सांगितलं. तिला भाषण येत नव्हतं, त्यामुळे मोरीपासूनच सुरुवात झाली. तेल, सोडा, कवटीचं पिंप, कपाटात ठेवलेले हातमोजे, कडी आपणच घातली ते. सोड्याशिवाय साबण होत नाही, जगात कुणाचाच होत नाही, आणि तो महिनाभरात उतरतो म्हणून वडी निर्धोक असते. वडी आजही चांगलीच आहे. पण लेबलवरचं वाक्य पुसायचं, आणि मुलं आली तर आम्ही हातमोजे, चष्मा, एप्रन घालूनच उभ्या राहू. हे चालत असेल तर साबण देतो.

मग एक वडील म्हणाले, "म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत."

"हो," थोरली म्हणाली.

दुसऱ्या एक बाई हळूच म्हणाल्या की मोठ्या कंपन्या तरी कुठे सगळं सांगतात. "त्यांच्याकडून आपण अपेक्षाच करत नाही हो," पहिले वडील म्हणाले. "यांच्याकडून केली होती." दोघातिघांनी माना हलवल्या. चष्मेवालीचा चेहरा लाल झाला होता.

"मी हात घालणार होते त्यात," ती म्हणाली. "कळतंय का तुम्हाला? मी माझा हात घालत होते आणि तुम्ही बघत उभ्या होतात!"

थोरलीने मान खाली घातली. बघत उभी होती, हे खरंच होतं.

"म्हणून तर मी माझा घातला," धाकटी म्हणाली.

तिचा आवाज काही मोठा नव्हता. तिला खुर्ची दिली होती ती तिने घेतली नव्हती, ती दाराशीच उभी होती. चष्मेवालीने तिच्याकडे बघितलं, मग पट्टीकडे.

मत घेतलं. बाजूने तिघं, विरुद्ध सातजण. चष्मेवालीने कुठेच मत दिलं नाही. मुख्याध्यापिकांनी दोघींना दारापर्यंत पोचवलं, फार वाईट वाटतंय म्हणाल्या, आणि त्यांना वाटतही असावं. शाळा दुसऱ्या एका कंपनीचा द्रव साबण घेणार होती, त्यांचं माहितीपत्रक टेबलावर आधीपासून पडलेलं थोरलीला दिसलं होतं. त्यावर हिरवं पान होतं.

दोघी फाटकाशी आल्या. थोरलीला इतका थकवा आला होता की रस्ता ओलांडायचंही जिवावर आलं. आता महिनाअखेरीला जागा सोडायची, पिंपं विकायची, आणि धाकटी बादली घेऊन कुठल्या इमारतीत जाणार? एका हाताने फडकं कसं पिळणार? तिला धाकटीकडे बघवेना. आपण खरं बोललो याचं समाधान वगैरे वाटेल असं तिला वाटलं होतं, तसलं काही वाटत नव्हतं.

मागून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. चष्मेवाली होती. धापा टाकत समोर उभी राहिली, पर्स छातीशी धरलेली. आता अजून काय ऐकवणार, म्हणून थोरली पुढे झाली.

पण ती बाई थोरलीशी बोललीच नाही. तिने धाकटीच्या पट्टीकडे बोट केलं.

"दुखतो का?" तिने विचारलं.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. थोरलीला वाटलं, आता ही म्हणेल काही नाही, बरा आहे.

"दुखतो," धाकटी म्हणाली. "खूप दुखतो हो. झोपच येत नाही."

आणि रस्त्याच्या कडेला, त्या परक्या बाईसमोर, ती हमसून हमसून रडायला लागली.